विद्यार्थ्याचा आराखडा आणि गावाची शाळा

वास्तुकलेचे शिक्षण घेणारा विद्यार्थी आपल्या अभ्यासकाळात अनेक इमारतींची रचना करतो. परंतु त्यांपैकी जवळजवळ एकही प्रत्यक्षात उभी राहत नाही. भारतात वास्तुकलेचा पदवी-अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. आरंभी एखादा लहानसा निवारा, पुढे घर, शाळा, बाजार, रुग्णालय आणि अखेरच्या वर्षी स्वतः निवडलेल्या विषयावरील प्रकल्प, असा साधारणपणे त्याचा क्रम असतो. प्रत्येक वेळी जागेची पाहणी होते, नकाशे काढले जातात, पुठ्ठ्याची प्रतिकृती तयार केली जाते आणि परीक्षकांपुढे आराखड्याचे समर्थन करावे लागते. गुण मिळाले की कागद गुंडाळून कपाटात ठेवले जातात.

या पद्धतीत वावगे असे काही नाही. कागदावरील चुकीने कोणाच्या डोक्यावर छप्पर कोसळत नाही. म्हणूनच शिकण्याच्या वयात चुका करण्याची मुभा कागदच देऊ शकतो. तथापि या पद्धतीत एक मोठी उणीव राहून जाते. ज्याच्यासाठी ती इमारत रचलेली असते, तो माणूस परीक्षेच्या दालनात नसतो. वीट कोण वाहून आणणार, तिचे पैसे कोण देणार आणि पहिल्या पावसात भिंत भिजली तर तिची डागडुजी कोण करणार, हे प्रश्न तेथे सहसा विचारले जात नाहीत.

हे प्रश्न विद्यार्थिदशेतच स्वतःला विचारणाऱ्या दोघांच्या कार्याचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. एक पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाचा रहिवासी, दुसरी युरोपातील तरुणी. एकाने स्वतःच्या जन्मगावी शाळा बांधली, तर दुसरीने बांगलादेशातील एका खेड्यात. दोघांनीही मातीचाच आश्रय केला. या दोन शाळांचा साकल्याने विचार केल्यास ‘शाश्वत’ आणि ‘सामुदायिक’ या दोन शब्दांचा वास्तुकलेतील अर्थ स्पष्ट होण्यास मदत होईल.

शाश्वततेचा अर्थ

संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या पर्यावरण व विकासविषयक आयोगाने १९८७ साली आपला अहवाल सादर केला. आजच्या पिढीच्या गरजा भागविताना भावी पिढ्यांच्या गरजांना बाध येऊ नये, असा विकासाचा निकष त्यात मांडला होता. इमारतींना हा निकष लावला म्हणजे तीन गोष्टी पाहाव्या लागतात. इमारतीचे साहित्य तयार करताना व वाहून आणताना किती इंधन खर्ची पडले, ही पहिली गोष्ट. इमारत वापरताना तिला थंड, उबदार किंवा उजेडाची ठेवण्यासाठी किती इंधन लागते, ही दुसरी. आणि ती जुनी झाल्यावर तिचे काय होते, ही तिसरी.

सिमेंटचे उदाहरण घेतल्यास पहिला मुद्दा लगेच ध्यानात येतो. सिमेंट तयार करताना चुनखडक अतिशय उच्च तापमानापर्यंत भाजावा लागतो. त्यासाठी इंधन जळते आणि शिवाय खुद्द खडकातूनही कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. मानवी व्यवहारांमुळे जगात उत्सर्जित होणाऱ्या या वायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. माती मात्र बहुतेक ठिकाणी पायाखालीच सापडते, ती भाजावी लागत नाही आणि भिंत पडली तर तीच माती पुन्हा भिजवून वापरता येते. परंतु मातीला पाण्याचे भय असते. मातीच्या वास्तुरचनेचे सारे कौशल्य या एका भयाचे निवारण करण्यात सामावलेले आहे.

गान्दोचा मुलगा

फ्रान्सिस केरे यांचा जन्म १९६५ साली बुर्किना फासोमधील गान्दो या खेड्यात झाला. वडील गावाचे प्रमुख होते. गावात शाळा नव्हती, म्हणून वयाच्या सातव्या वर्षी या मुलाला नातेवाइकांकडे तेन्कोदोगो या गावी ठेवण्यात आले. गान्दोमधून शाळेत गेलेले ते पहिलेच मूल होय. तेथील वर्गात शंभराहून अधिक मुले दाटीवाटीने बसत. खोली अंधारी होती आणि वारा खेळत नसल्याने उकाडा असह्य होत असे. चांगल्या शाळा बांधण्याची इच्छा आपल्या मनात याच खोलीत उत्पन्न झाली, असे केरे यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

सुतारकामाच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळवून ते १९८५ साली बर्लिनला गेले. दिवसा काम व रात्री शिक्षण असा क्रम ठेवून त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले आणि नंतर बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात वास्तुकलेच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. सुटीत गावी गेल्यावर परतताना गावातील स्त्रिया त्यांच्या हाती आपल्याजवळचे शेवटचे नाणे ठेवीत. मुलाने शिकून परत यावे आणि गावाच्या उपयोगी पडावे, हा त्यामागील हेतू होता. अशा रीतीने त्यांच्या शिक्षणाला एका अर्थी गावाचे भांडवल लागलेले होते.

हे ऋण फेडण्यासाठी त्यांनी पदवी मिळण्याची वाट पाहिली नाही. १९९८ साली, विद्यार्थी असतानाच, त्यांनी जर्मनीतील मित्रांच्या साहाय्याने एक संस्था स्थापन करून गान्दोच्या शाळेसाठी निधी जमविण्यास प्रारंभ केला. शाळेची इमारत २००१ साली पूर्ण झाली. त्यांना वास्तुकलेची पदवी मिळाली ती २००४ साली, आणि त्याच वर्षी या शाळेला आगाखान वास्तुकला पुरस्कारही प्राप्त झाला.

भिंत, छत आणि छप्पर

गान्दोमध्ये पहिली अडचण उद्भवली ती साहित्याविषयी. शाळा मातीची होणार हे ऐकून गावकऱ्यांचा हिरमोड झाला. त्यांची स्वतःची घरे मातीचीच होती आणि दर पावसाळ्यात ती खचत होती. युरोपात इतकी वर्षे शिकून आलेल्या मुलाने पुन्हा मातीच कालवावी, याचे त्यांना नवल वाटले. त्यांची शंका अनुभवातून आलेली होती. केवळ शब्दांनी तिचे निरसन होणे शक्य नव्हते. म्हणून केरे यांनी नमुने बांधून दाखविले. मातीच्या कमानीवर माणसे चढून उभी राहिली, तरी ती ढासळत नाही, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

शाळेत तीन वर्गखोल्या एका ओळीत आहेत आणि दोन खोल्यांच्या मध्ये छप्पर असलेली मोकळी जागा आहे. या जागेत मुले खेळतात आणि वर्गही भरतात. भिंतींसाठी स्थानिक मातीत थोडे सिमेंट मिसळून साच्यात दाबलेल्या विटा वापरल्या आहेत. त्या भट्टीत भाजलेल्या नाहीत. अशा जाड भिंतीत उष्णता सावकाश शिरते, त्यामुळे भर दुपारीही आतील हवा त्या मानाने थंड राहते.

या रचनेचा सर्वांत उल्लेखनीय भाग म्हणजे छप्पर. त्या भागात सर्वत्र पन्हाळी पत्रा वापरला जातो. पत्रा पावसाला दाद देत नाही, परंतु उन्हात तो तव्यासारखा तापतो आणि खालच्या खोलीची भट्टी होते. केरे यांनी पत्रा टाकून दिला नाही. त्याला भिंतीपासून वर उचलले. खोलीवर प्रथम मातीच्या विटांचे छत घातले व त्यात फटी ठेवल्या. त्या छताच्या वर, मधे मोकळी जागा सोडून, पत्र्याचे छप्पर बसविले. खोलीतील गरम हवा फटींतून वर जाते आणि मधल्या पोकळीतून वाहणारा वारा तिला बाहेर नेतो. तिच्या जागी खिडक्यांतून ताजी हवा आत येते. छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आलेले असल्याने भिंतींवर सावली पडते आणि पावसाचे पाणीही दूर पडते. पंखा किंवा वीज यांपैकी कशाचीही गरज न लागता वर्ग सुसह्य होतो.

हे छप्पर उचलून धरण्यासाठी मोठ्या लोखंडी तुळया व त्या चढविण्यासाठी यारी आणणे शक्य नव्हते. म्हणून काँक्रीटमध्ये घालतात त्या साध्या सळया घेऊन जागेवरच त्यांच्या हलक्या कैच्या जोडण्यात आल्या. गावातील तरुणांना हातकरवत आणि जोडकामाचे लहान यंत्र चालविण्यास शिकविले, तेवढे त्यासाठी पुरेसे झाले. येथे साधनांची मर्यादा हीच रचनेची दिशा ठरली, ही गोष्ट विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावी.

शाळेच्या बांधकामात सारे गाव सहभागी झाले. मुलांनी पायासाठी दगड वाहून आणले, स्त्रियांनी पाणी पुरविले, जमीन चोपून घट्ट करण्याचे काम गावाच्या परंपरागत रीतीने सर्वांनी मिळून केले. काम संपले तेव्हा गावात केवळ इमारत उरली नाही, तर कारागिरांची एक फळीच तयार झाली. त्यांना पुढे इतर बांधकामांवर काम मिळू लागले आणि शेजारच्या गावांनीही याच पद्धतीने शाळा उभारण्यास घेतल्या. शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या आरंभी १२० होती. ती पुढे ७०० पर्यंत वाढली. साहजिकच शिक्षकांची घरे, शाळेचा विस्तार, ग्रंथालय अशी एकामागून एक बांधकामे हाती घ्यावी लागली. ग्रंथालयाच्या छतात गावातील मातीची मडकी, त्यांचे तळ व तोंडे कापून, बसविण्यात आली; त्या भोकांतून उजेड खाली येतो आणि गरम हवा वर जाते. २०२२ साली केरे यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. वास्तुकलेतील हा सर्वोच्च मानला जाणारा सन्मान प्राप्त करणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुशिल्पी होत.

रुद्रपूरची शाळा

दुसरे उदाहरण भारताच्या अगदी जवळचे आहे. बांगलादेशाच्या वायव्येस दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूर नावाचे खेडे आहे. ‘दीपशिखा’ ही ग्रामविकासाचे कार्य करणारी बांगलादेशी संस्था तेथे शाळा चालवीत होती. १९७७ साली जन्मलेल्या आना हेरिंगर या जर्मन तरुणीने १९९७–९८ मध्ये जवळजवळ एक वर्ष या संस्थेत स्वयंसेविका म्हणून काम केले. बाहेरून येणाऱ्या मदतीवर विसंबण्यापेक्षा आपल्याजवळ जे आहे त्याचा उत्तम उपयोग करावा, हा धडा आपण तेथे शिकलो, असे त्या सांगतात. पुढे ऑस्ट्रियातील लिंत्स येथे वास्तुकलेचा अभ्यास करीत असताना त्या पुन्हा रुद्रपुरात आल्या आणि त्यांनी गावाची पाहणी केली. २००४ साली पदवीसाठी सादर केलेला त्यांचा प्रकल्प म्हणजे या गावच्या शाळेचा आराखडा होता.

हा आराखडा कपाटात गेला नाही. निधी जमविण्यात आला, बांधकामाची तांत्रिक बाजू आइके रोस्वाग या वास्तुशिल्प्याने सांभाळली आणि २००५ च्या अखेरच्या चार महिन्यांत स्थानिक कारागीर, शिक्षक व विद्यार्थी यांच्या सहभागाने इमारत उभी राहिली. २००७ साली तिलाही आगाखान पुरस्कार मिळाला.

गान्दोचा प्रदेश रखरखीत आहे. रुद्रपूरचा मुलूख मात्र सखल, दमट आणि प्रचंड पावसाचा. बंगालमध्ये माती व बांबू यांची घरे बांधण्याची परंपरा फार जुनी आहे. परंतु पाया न घेता मातीची भिंत थेट जमिनीवरून उचलीत असल्याने ओल वर चढे आणि भिंत खालून झिजत असे. अशी घरे फार काळ टिकत नसत आणि माती म्हणजे दारिद्र्य, असे समीकरण लोकांच्या मनात रुजले होते. ज्याला परवडे तो पक्क्या विटांकडे वळे.

हेरिंगर यांनी परंपरेत ज्या सुधारणा केल्या त्या थोड्या, पण नेमक्या होत्या. प्रथम विटांचा सुमारे अर्धा मीटर खोल पाया घेतला. त्यावर प्लास्टिकच्या कापडाचा दुहेरी थर अंथरून जमिनीतील ओल अडविली. मातीत भाताचा पेंढा मिसळून म्हशींकडून चिखल तुडवून घेतला. साचा न लावता या चिखलाचे सुमारे ६५ सेंटिमीटर उंचीचे थर रचण्यात आले. प्रत्येक थर थोडा आवळला की धारदार फावड्याने त्याच्या बाजू तासून सरळ करीत आणि तो सुमारे आठवडाभर वाळल्यावर पुढचा थर चढवीत. पेंढ्यामुळे मातीला तडे जात नाहीत आणि पावसाचे पाणी भिंतीवरून वेगाने ओघळत नाही.

खालच्या मजल्यावर अशा जाड मातीच्या भिंतींत तीन वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाच्या मागील बाजूस मातीच्या गुहा घडविल्या आहेत. मूल त्यांत शिरून बसू शकते, वाचू शकते, एकटे राहू शकते किंवा मित्राशी कुजबुजू शकते. वरचा मजला बांबूचा असून हलका व हवेशीर आहे. तीन थरांत रचलेल्या बांबूंनी मधली जमीन तोलली आहे, आणि वर बांबूच्या सांगाड्यावर पत्र्याचे छप्पर आहे. वरच्या वर्गांच्या छताला रंगीत साड्या ताणून लावल्या आहेत. या साऱ्यात गावकऱ्यांना अपरिचित अशी वस्तू एकही नाही. माती, पेंढा, बांबू, म्हैस, साडी ही सारी त्यांच्या रोजच्या व्यवहारातील. नवीन होते ते त्यांना जोडणारे ज्ञान.

जागा समाजाची कशी होते

एखाद्या इमारतीच्या नकाशावर ‘सामुदायिक सभागृह’ असे लिहिल्याने ती जागा समाजाची होत नाही. या संदर्भात ईजिप्तमधील एका प्रयोगाचे स्मरण करणे उचित ठरेल. १९४० च्या दशकात हसन फत्ही या थोर वास्तुशिल्प्याने लक्सर शहरासमोर, नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, मातीच्या विटांचे ‘नवे गुर्ना’ हे गाव वसविण्यास घेतले. घुमट, कमानी, चौक, मशीद, नाट्यगृह यांनी युक्त अशी ती रचना आजही अभ्यासली जाते. परंतु प्राचीन थडग्यांच्या परिसरातून गावकऱ्यांना हलविण्याचा निर्णय सरकारचा होता. गावकऱ्यांना आपली वस्ती सोडावयाची नव्हती. बहुसंख्य लोक नव्या गावात राहावयास गेले नाहीत आणि योजना अपुरी राहिली. साहित्य तेच होते, कौशल्यही उच्च दर्जाचे होते. अभाव होता तो लोकांच्या इच्छेचा.

गान्दो आणि रुद्रपूर येथे शाळेची गरज प्रथम गावाला वाटली व आराखडा नंतर आला. केरे यांना गावाने वाढविले होते, आणि हेरिंगर यांनी आराखड्याची पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्या परिसरात एक वर्ष वास्तव्य केले होते. रुद्रपुरात पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. शाळेनंतर तेथे विजेच्या कामाचे शिक्षण देणारी इमारत बांधण्यात आली आणि दोन मजली मातीची घरेही उभी राहिली. २०२० साली दिव्यांग व्यक्तींसाठी असलेल्या ‘आनंदालय’ या केंद्राच्या इमारतीला ओबेल पुरस्कार मिळाला. त्या इमारतीला एक वळणदार उतार आहे. चाकांच्या खुर्चीतील व्यक्तीही त्यावरून वरच्या मजल्यावर जाऊ शकते. वरच्या मजल्यावर गावातील स्त्रियांचा शिवणकामाचा कारखाना आहे. पहिल्या शाळेच्या वेळी शिकलेल्या कारागिरांचे कौशल्य यांतील प्रत्येक कामी उपयोगी पडले.

मर्यादांचे भान

या उदाहरणांवरून मातीची प्रत्येक इमारत चांगली असते, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी महाराष्ट्रातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी बहुसंख्य लोक चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचे जड धाबे यांखाली गाडले गेले. भिंतीतील दगड एकमेकांत नीट गुंतविलेले नव्हते आणि चारही भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा नव्हता. याउलट २००१ च्या कच्छमधील भूकंपात मातीच्या अनेक गोल भुंग्यांनी धक्का चांगल्या प्रकारे सोसला. त्यांचा वर्तुळाकार आणि वरचे हलके छप्पर या गोष्टी त्यांच्या साहाय्यास आल्या. सारांश, साहित्य स्वतः सुरक्षित किंवा घातक नसते. ते कसे जोडले जाते यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

दुसरी मर्यादा खर्चाची आहे. दोन्ही शाळांना परदेशातून निधी मिळाला. गान्दोचे लोखंड व सिमेंट आणि रुद्रपूरचा पत्रा या वस्तू बाहेरूनच आल्या. शुद्ध स्वावलंबनाचा दावा दोहोंपैकी कोणालाही करता येणार नाही. परंतु मजुरी व साहित्य यांवरील पैसा शक्य तितका गावातच राहील, अशी योजना दोघांनीही केली. यंत्रांवर खर्च होणारी रक्कम माणसांच्या हाती पडली, हा लाभ लहान नव्हे.

तिसरी मर्यादा देखभालीची. मातीच्या भिंतीकडे दर पावसाळ्यानंतर लक्ष द्यावे लागते. आपली शाळा आपण बांधली, असे ज्यांना वाटते, तेच लोक दरवर्षी तिला लिंपण घालतील. म्हणून लोकांचा सहभाग हा या रचनांत केवळ सद्भावनेचा भाग नाही. भिंतीच्या आयुष्याशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे.

विद्यार्थ्यापुढील प्रश्न

प्रत्येक विद्यार्थ्याला परदेशी निधी मिळवून शाळा बांधता येणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. बहुतेकांचे आराखडे यापुढेही कागदावरच राहतील. परंतु कागदावरील आराखड्याला देखील हे प्रश्न विचारता येतात. ही माती येथूनच किती अंतरावरून येईल? हे छप्पर चढविण्यास किती माणसे लागतील, आणि ती या गावात आहेत काय? दुपारी बारा वाजता या खोलीत बसलेल्या मुलाला काय वाटेल? दहा वर्षांनी भिंतीला चीर गेली तर ती बुजविण्याचे ज्ञान कोणापाशी असेल?

यांतील अखेरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आराखडा करणारा आज ना उद्या निघून जातो. इमारत आणि माणसे तेथेच राहतात. त्याच्यामागे गावातील गवंडी, सुतार आणि शेतकरी त्याच रीतीने दुसरी भिंत उभारू शकले, तर त्याचे काम पूर्ण झाले असे समजावे. गान्दोच्या शेजारची गावे जेव्हा स्वतःच्या शाळा बांधू लागली, तेव्हा केरे यांचा विद्यार्थिदशेतील आराखडा खऱ्या अर्थाने परीक्षेत उत्तीर्ण झाला.